‘टेक’ म्हणजे घेणे, इथून सुरू झालेली पंचाईत

या प्रकरणातली शिकणारी २८ वर्षांची परिचारिका आहे. शाळा मराठी माध्यमाची, मग जीएनएमची पदविका, मग जिल्ह्याच्या गावी मेडिकल वॉर्डची ड्युटी. आता ब्रिटनमध्ये काम करायचं म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी. तिला नाव दिलेलं नाही, कारण ती एकच व्यक्ती नाही. मराठी माध्यमातून आलेल्या परिचारिकांच्या वह्यांत ज्या चुका हमखास भेटतात, त्या इथे एका वहीत आणून ठेवल्या आहेत.

तिचं इंग्रजी कच्चं आहे असं म्हणता येणार नाही. हायपोग्लायसेमिया, कॅथेटरायझेशन हे शब्द ती झोपेतही बरोबर लिहील. अडखळते ती ‘टेक’पाशी. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, म्हणजे हा शब्द तिला सहाव्या-सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि नेमकी तीच अडचण. नवा शब्द माणूस तपासून घेतो, ओळखीच्या शब्दाला कोण ओळखपत्र विचारतो?

वहीतली ही सात वाक्यं पाहा.

१. ‘टुमॉरो ट्यूटर विल टेक अवर एक्झाम.’
२. ‘आय विल गिव्ह ओईटी इन मार्च.’
३. ‘टू हील द वूंड, टू वीक्स विल रिक्वायर.’
४. ‘आय रिमूव्ड हिज ब्लड.’
५. ‘ईट धिस टॅब्लेट अँड ड्रिंक धिस मेडिसिन.’
६. ‘डोन्ट टेक टेन्शन, आजी.’
७. ‘द ड्रेसिंग वॉज वेट, सो आय टुक ऑफ इट.’

यातली पहिली सहा वाक्यं आळसातून आलेली नाहीत. प्रत्येकाच्या मागे धडधाकट मराठी वाक्य उभं आहे: सर परीक्षा घेणार, मी परीक्षा देणार, दोन आठवडे लागतील, रक्त काढलं, गोळी खा नि औषध प्या, टेन्शन घेऊ नका. मराठी म्हणून ही वाक्यं शंभर नंबरी. सातवं वेगळ्या जातीचं आहे, त्याकडे नंतर येऊ.

पहिलं आणि दुसरं वाक्य जोडीने वाचायला हवं. मराठीत शिक्षक परीक्षा घेतो आणि विद्यार्थी देतो. इंग्रजीत पारडं उलटं: विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ असंही म्हणतात, आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ किंवा ‘कंडक्ट’ करतो. प्रश्नपत्रिका काढण्याला ‘सेट’. त्यामुळे ‘ट्यूटर विल टेक अवर एक्झाम’ ऐकून तिकडच्या माणसाला वाटेल की मुलींच्या जागी ट्यूटरच पेपर लिहायला बसणार, म्हणजे चक्क डमी उमेदवार. आपल्या लेखी परीक्षा हा जबाब आहे, तो द्यायचा असतो. इंग्रजीच्या लेखी ते कडू औषध आहे, घ्यायचं असतं. भारतात ‘गिव्ह द एक्झाम’ इतकं रुळलं आहे की इथे कुणी ते चूक धरत नाही आणि धरूही नये, तो भारतीय इंग्रजीचा रिवाज आहे. ब्रिटनच्या वॉर्डात मात्र तो रिवाज कामाचा नाही.

या चुकीने फार तर हसू होईल. पुढची चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सरावासाठी रचलेल्या संवादात एक मुलगी बेशुद्धावस्थेत आणली आहे, नुकतीच शुद्धीवर येते आहे, आणि डॉक्टर विचारतात, ‘हॅज शी टेकन एनीथिंग?’ उत्तर आलं, ‘येस डॉक्टर, टी अँड टू बिस्किट्स.’ डॉक्टरांचा प्रश्न चहाबिस्किटांचा नव्हताच. अशा वेळी नुसतं ‘टेकन एनीथिंग’ म्हटलं की त्याचा अर्थ गोळ्या, नशेचा पदार्थ किंवा विष. खाण्यापिण्याबद्दल विचारायचं तर ‘हॅज शी हॅड एनीथिंग टू ईट ऑर ड्रिंक?’ असा प्रश्न येतो. हा फरक पाठ करण्याची खरं तर गरजच नाही. ‘तो घेतो’ एवढं म्हटलं तर काय घेतो हे मराठी माणसाला सांगावं लागतं का? ‘काल जरा जास्तच घेतली’ या वाक्यात बाटलीचा उल्लेख नाही आणि तरी ती दिसते. कर्म गाळलं की क्रियापद एका ठरावीक वस्तूकडे बोट दाखवतं, ही खोड दोन्ही भाषांना आहे. फक्त आपलं बोट दारूकडे, त्यांचं औषधाकडे. हे एकदा असं दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

चुकीची मुळी

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे: टेक = घेणे. मुळी तिथे आहे. ही ओळ खोटी नाही, तुटपुंजी आहे.

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली संगणकात साठवलेल्या प्रत्यक्ष इंग्रजी मजकुरावरून एक शब्दकोश तयार झाला, तो १९८७ साली कॉलिन्स कोबिल्ड या नावाने आला. या कोशात ‘टेक’ची नोंद दोन भागांत आहे. पहिला भाग कृती दाखवणाऱ्या नामांबरोबरच्या वापराचा: श्वास, पाऊल, निर्णय, नजर. हाताने उचलणं, सोबत नेणं, औषध घेणं हे बाकी सगळं दुसऱ्या भागात. आपल्याकडच्या घोकंपट्टीत क्रम नेमका उलटा असतो. सिंक्लेअर यांचं निरीक्षण असं की शब्द जितका सर्रास वापरला जातो तितका त्याचा स्वतःचा अर्थ पातळ होतो आणि वजन शेजारचं नाम पेलतं. ‘टेक अ लुक’ मध्ये कुणी काही घेत नाही, बघतं. ‘टेक अ सीट’ म्हटल्यावर खुर्ची उचलायची नसते, बसायचं असतं.

मराठीला हे नवीन नाही. ‘जेवून घ्या’ मध्ये काय घेतलं जातं? ‘कानोसा घेतला’, ‘कुत्र्याने चावा घेतला’, ‘साहेबांनी फैलावर घेतलं’ यांत घेण्याचा व्यवहार कुठे आहे? आपलं ‘घेणे’ही तितकंच पातळ झालेलं आहे. कटकट एवढीच की दोन भाषांत ते वेगवेगळ्या नामांशेजारी पातळ झालं.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’साठी ‘निमन’ होता, जर्मनमधल्या ‘नेमेन’चा भाऊबंद. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतला ‘टाका’ इंग्लंडात रुजला आणि त्याने निमनला हुसकावून लावलं. निमनची एक खूण मात्र परिचारिकेच्या रोजच्या वापरात आहे: ‘नम्ब’. मूळ अर्थ ‘घेतलेला, धरलेला’. सुन्न पडलेला पाय म्हणजे कुणीतरी धरून ठेवलेला पाय. परीक्षेत याचा उपयोग शून्य, पण शब्द लक्षात राहतो.

घे, ने, लाग, काढ

उपाय एका वाक्यात सांगायचा तर इंग्रजीकडून मराठीकडे न जाता मराठीकडून इंग्रजीकडे जायचं. वॉर्डात बोलताना मनात आधी मराठी क्रियापद उमटतं. तिथेच कप्पे पाडले तर ‘टेक’ आपोआप सापडतो. या वहीसाठी चार कप्पे पुरले: घे, ने, लाग, काढ.

‘काढ’पासून सुरुवात केली, कारण तिथे अपेक्षाच नसते. फोटो काढणे, रक्त काढणे, टाके काढणे, बूट काढणे, दुपारची झोप काढणे. शाळेत ‘काढणे म्हणजे रिमूव्ह’ असं शिकल्यामुळे ‘रिमूव्ह माय फोटो’ हे वाक्य महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. या पाचही ठिकाणी ‘टेक’ चालतो: ‘टेक अ फोटो’, ‘टेक ब्लड’, ‘टेक आउट द स्टिचेस’, ‘टेक ऑफ युअर शूज’, ‘टेक अ नॅप’. टाके आणि बूट यांच्यातला फरक समजून घ्यावा. अंगावर किंवा पृष्ठभागावर असलेलं उतरवायचं तर ‘ऑफ’, आत रुतलेलं बाहेर काढायचं तर ‘आउट’. ड्रेसिंग ‘ऑफ’, कॅथेटर ‘आउट’. ‘रिमूव्ह’ या दोन्हींना चालतो, नोंदीत तर तोच जास्त दिसतो. पण रुग्णाशी बोलताना ‘आय अॅम जस्ट गोइंग टू टेक धिस ऑफ’ ऐकायला माणसासारखं वाटतं. रक्ताला मात्र ‘रिमूव्ह’ नको. ‘टेक सम ब्लड’ किंवा ‘टेक अ ब्लड सॅम्पल’.

मोजण्याच्या कामांचाही मुक्काम याच कप्प्याजवळ आहे. आपण ताप ‘बघतो’, बीपी ‘बघतो’, हिस्टरी ‘विचारतो’. इंग्रजीत तिन्हींना ‘टेक’: ‘टेक हिज टेम्परेचर’, ‘टेक हर ब्लड प्रेशर’, ‘टेक अ हिस्टरी’. ‘चेक’ म्हटलं तरी पहिल्या दोन ठिकाणी बिघडत नाही. ‘आय सॉ द बीपी’ म्हटलं तर यंत्रावरचा आकडा नजरेस पडला, एवढाच अर्थ होतो.

‘ने’चा कप्पा सर्वांत सोपा, आणि वहीत तोच रिकामा होता. मराठीत आण आणि ने यांतला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. इंग्रजीत ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांची वाटणी बहुतेक तशीच आहे. वॉर्डातून एक्स-रेला न्यायचं तर ‘टेक’, एक्स-रेवरून परत आणायचं तर ‘ब्रिंग बॅक’. फोनवर डॉक्टरांना ‘मी रिपोर्ट घेऊन येते’ म्हणायचं तर ‘आय विल ब्रिंग द रिपोर्ट’, कारण ऐकणाऱ्याच्या दिशेने जायचं आहे. मराठीतही आपण तिथे ‘येते’च म्हणतो. ‘टेक = घेणे’ या ओळीने हा सगळा फुकटचा ठेवा झाकून ठेवला होता. त्याऐवजी ती ‘शिफ्ट द पेशंट’ म्हणत असे. इथल्या रुग्णालयात ते बरोबर, पण ब्रिटनमध्ये ‘शिफ्ट’ म्हटल्यावर आधी ड्युटीची पाळी आठवते. तिथे ‘मूव्ह’, ‘ट्रान्सफर’ किंवा साधं ‘टेक’. आणि ‘टेक हिम टू थिएटर’ म्हणजे ऑपरेशनला न्या.

‘लाग’वर सर्वांत जास्त वेळ गेला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, पण ‘लागणे’चा पसारा तेव्हा होता तसाच आजही आहे: भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, बस लागते, जीव लागतो. एखाद्या इंग्रज माणसाला हे शिकवायला बसलं तर ‘टेक’बद्दलची आपली तक्रार बरीच निवळेल. आपल्याला त्यातलं एकच हवं आहे: वेळ लागणे.

‘मला दहा मिनिटं लागतील.’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाही. मिनिटं लागतात आणि ती मला लागतात. इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून ती तिथे एक भरतीचा ‘इट’ बसवते. ‘इट विल टेक मी टेन मिनिट्स.’ क्रम पक्का आहे: इट, टेक, माणूस, वेळ, मग ‘टू’ आणि काम. ‘इट टुक द वूंड टेन डेज टू हील.’ इथे तीन गोष्टी बिघडतात. एक, ‘मला’मधला ‘ला’ इंग्रजीत ‘टू मी’ होऊन येतो. तो नको, नुसतं ‘मी’, म्हणजे ‘आय’चं कर्मरूप. दोन, ‘इट’ राहून जातो आणि वाक्य आठवड्यांपासून सुरू होतं; वहीतलं तिसरं वाक्य त्याचाच नमुना. तीन, ‘टेक प्लेस’ मध्ये शिरतो: ‘द टेस्ट टेक्स प्लेस टू अवर्स’. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे, पार पडणे. त्याचा वेळ लागण्याशी संबंध नाही.

‘लाग’चा आणखी एक धागा जळीत रुग्णांच्या वॉर्डात सापडतो. त्वचेचं रोपण केल्यावर ते धरलं तर ‘द ग्राफ्ट हॅज टेकन’ म्हणतात. किती भाग धरला त्याला ‘ग्राफ्ट टेक’, आणि ते टक्क्यांत सांगतात. आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे वाक्य समजावायला नको. तोही ‘कलम लागलं’ म्हणतो. ‘ग्राफ्ट’चा मूळ अर्थही कलमच.

राहिला ‘घे’. यात जुळणारी नामं बरीच: श्वास, काळजी, भाग, शपथ, गोळी, जबाबदारी. तिथे प्रश्न अर्थाचा नाही, आर्टिकलचा आहे. ‘टेक केअर’, ‘टेक पार्ट’ यांना ‘अ’ लागत नाही. ‘टेक अ डीप ब्रेथ’, ‘टेक अ ब्रेक’ यांना लागतो. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून कान ते गाळून ऐकतो. नियम शोधण्यात वेळ घालवू नये. ‘अ’सकट तुकडा पाठ करावा, जसा फोन नंबर सुरुवातीच्या शून्यासकट पाठ करतात.

औषध देताना

मराठीत गोळी खातात किंवा घेतात, पातळ औषध पितात, इंजेक्शन घेतात, थेंब घालतात, मलम लावतात, वाफ घेतात. इंग्रजीत तोंडावाटे पोटात जाणारं सगळं, घन असो की पातळ, ‘टेक’. गोळीला ‘ईट’ म्हटलं की ती चावून खायची असा समज होऊ शकतो, आणि वरचं आवरण असलेली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी चावली तर औषधाचा परिणामच बदलतो. म्हणजे वहीतली पाचवी चूक केवळ भाषेची नाही.

इनहेलरला ‘टेक टू पफ्स’. इन्सुलिन स्वतः टोचून घेणाऱ्यालाही ‘टेक’. परिचारिकेने दिलेलं इंजेक्शन रुग्ण ‘हॅव’ करतो आणि परिचारिका ‘गिव्ह’ करते. डोळ्यांच्या थेंबांना ‘युज’ किंवा ‘पुट इन’, मलमाला ‘अप्लाय’ किंवा ‘पुट ऑन’. गुदद्वारातून द्यायच्या सपोझिटरीला ‘टेक’ कधीही म्हणू नये, कारण रुग्ण ती गिळू शकतो. तिला ‘युज’ किंवा ‘इन्सर्ट’, आणि कुठे ते स्पष्ट सांगायचं.

वेळेचे तुकडेही याच्याबरोबर बसवून घ्यावे: उपाशीपोटी म्हणजे ‘ऑन अॅन एम्टी स्टमक’, जेवणाबरोबर म्हणजे ‘विथ फूड’. ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे’ आणि ‘टेक टू टॅब्लेट्स वन्स अ डे’ यांत दिवसाची बेरीज सारखी, सूचना वेगळी. हे दोन तुकडे मुद्दाम एकामागून एक म्हणून घेतले, कारण घाईत जीभ इथेच घसरते.

लिहिताना काळाचा घोळ होतो. ‘ती २०१९ पासून मेटफॉर्मिन घेते आहे’ याला मराठीत साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. म्हणून वहीत ‘शी इज टेकिंग मेटफॉर्मिन सिन्स २०१९’. इंग्रजीत ‘सिन्स’ आला की ‘हॅज बीन टेकिंग’ हवं. ओईटीच्या लेखनाला ४५ मिनिटं असतात. त्यातली पहिली ५ टिपणं वाचण्याची, उरलेल्या ४० मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र. पूर्वीपासूनच्या औषधांची ओळ अशा पत्रात बहुतेक वेळा येतेच, तेव्हा हे एक वाक्य हाताला बसलेलं बरं.

सराव कसा केला, कुठे फसला

चार आठवडे, रोज २० मिनिटं. पहिल्या आठवड्यात शिकणं नाही, फक्त गोळा करणं. औषधांच्या माहितीपत्रकांतून, सरावाच्या ध्वनिफितींतून आणि वॉर्डातल्या स्वतःच्या बोलण्यातून ६० चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. ही दिशा बदलू द्यायची नाही. पुढे इंग्रजी असलं की वाचून ‘हे येतंय’ असं वाटतं आणि फसगत होते. ओळखणं वेगळं, तोंडातून काढणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या चार कप्प्यांत. मग रोज नव्या पाच, आणि प्रत्येक चिठ्ठी त्याच संध्याकाळी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा.

पहिला फटका दुसऱ्याच आठवड्यात बसला. ‘टेक’ची जोडक्रियापदं एका यादीत दिली गेली: इन, ऑन, ओव्हर, अप, आफ्टर, डाउन. दोन दिवसांत सगळ्यांची खिचडी. एका सुरुवातीचे, सारख्या आवाजाचे तुकडे एकदम पाठ केले की ते एकमेकांना खातात. यादी मोडून प्रत्येक तुकडा प्रसंगाला बांधला. ड्युटी बदलताना ‘टेक ओव्हर’. फोनवरचा निरोप लिहून घेताना ‘टेक डाउन’. नातेवाईक म्हणतात ‘लेक आईच्या वळणावर गेली’, तिथे ‘टेक्स आफ्टर’. आठवड्याला दोनच, आणि ‘ऑन’ व ‘अप’ तर बाजूलाच ठेवले. वॉर्डात त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं.

सातव्या वाक्याची दुरुस्ती याच टप्प्यावर झाली. ‘टेक ऑफ द ड्रेसिंग’ बरोबर, ‘टेक द ड्रेसिंग ऑफ’ही बरोबर. पण ड्रेसिंगच्या जागी ‘इट’ आला की तो मध्येच बसतो: ‘टुक इट ऑफ’. हे सांगून कळतं, पण वळत नाही. म्हणून हातमोजे, चष्मा, पट्टी, मास्क अशा दहा वस्तू समोर ठेवून प्रत्येक उतरवताना ‘टेक इट ऑफ’ म्हणायचं, अनेकवचन असेल तिथे ‘टेक देम ऑफ’. इंग्रजीत चष्मा अनेकवचनी आहे, तिथे बहुतेक जणी अडकतात. उच्चारही तेव्हाच पाहून घ्यावा: भूतकाळ ऱ्हस्व, ‘टुक’. आपण सवयीने ‘टूक’ असा लांबवतो.

दुसरी अडचण यशातून आली. चार कप्पे बसल्यावर ‘टेक’ जिथे तिथे उगवू लागला. भेट घेणे, जन्म घेणे, मुलाखत घेणे, विकत घेणे, शोध घेणे, समजून घेणे या सगळ्यांच्या वाट्याला तो आला. तेव्हा पाचवा कप्पा काढावा लागला, लाल चिठ्ठ्यांचा: मराठीत ‘घेणे’, इंग्रजीत ‘टेक’ नाही. तिथे बहुधा एकच स्वतंत्र क्रियापद असतं: मीट, बी बॉर्न, इंटरव्ह्यू, बाय, लुक फॉर, अंडरस्टँड. विश्रांती या कप्प्याच्या काठावर आहे. रुग्णाला आराम करा म्हणायचं तर ‘गेट सम रेस्ट’; ‘टेक अ रेस्ट’ म्हणजे कामातून घटकाभर थांबणं. अंघोळीलाही तिकडे ‘हॅव’ जास्त चालतो, ‘हॅव अ शॉवर’. ‘टेक अ शॉवर’ अमेरिकी वळणाचं, पण समजायला अडचण नाही. ‘डिड यू टेक युअर लंच?’ मात्र टाळावं. जेवण झालं का असं विचारायचं असतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं डबा नेला का.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बोलण्याचा सराव. ओईटीत साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद असतात, परीक्षार्थी परिचारिकेच्याच भूमिकेत आणि समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक. सरावात एक अट घातली: प्रत्येक संवादात चार कप्प्यांतला प्रत्येकी किमान एक तुकडा आला पाहिजे, पण ओढूनताणून नाही. ‘टेक अ सीट’, ‘धिस वोन्ट टेक लाँग’, ‘आय विल टेक यू टू द बाथरूम’, ‘लेट मी टेक धिस ऑफ’. हे चारही एका ड्रेसिंगच्या प्रसंगात सहज मावतात.

चार आठवड्यांनी वहीतली सहा वाक्यं सुधारली. परीक्षेचं वाक्य लिहिताना नीट येतं, सहकाऱ्यांत बोलताना अजून ‘गिव्ह’ निघतो, आणि तो तिथे खपतो. हटेना ते सहावं: ‘डोन्ट टेक टेन्शन, आजी.’ बाकीची वाक्यं विचार करून बोलली जातात, हे मायेच्या भरात सुटतं, त्या क्षणी लक्ष भाषेवर नसतं. त्याची चिठ्ठी रोजच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली. मागच्या बाजूला ‘ट्राय नॉट टू वरी’. ‘आजी’ला मात्र तिथे जोडीचा शब्द मिळाला नाही. ‘ग्रँडमा’ म्हटलेलं परक्या बाईला खपणार नाही. ब्रिटनच्या वॉर्डात आधी विचारून घेतात, ‘व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?’ आणि ती सांगेल त्या नावाने हाक मारतात. तेही त्याच चिठ्ठीवर खाली लिहिलं आहे.